फायबरच्या चिलखताला आरशासारखी चमक कशी आणावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात माझ्याकडे फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या राळेत) बसवून केलेल्या, चिलखतांची विचारणा वर्षातून तीनदा जोर धरते. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधी आणि गणपतीत, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांसाठी. मधल्या काळात नाटकवाले येतात. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. छातीचं कवच, शिरस्त्राण, दस्ताने, ढाल, या सगळ्याला हीच पद्धत लागू होते.

चमक नक्की कशातून येते? रंगातून, क्लिअरमधून की पॉलिशमधून?

रंगाखालच्या पृष्ठभागातून. एवढी एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं होतं. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला प्रतिबिंब दिसतं. खडबडीत पृष्ठभागावर तो चारी दिशांना विखुरतो. रंगाचा थर कागदाइतका पातळ असतो, तो खालची लाट झाकत नाही. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तर ती लाट जास्तच ठळक करून दाखवतं.

माझी परीक्षा ट्यूबलाइटची आहे. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, घासून झाला की कवच ओल्या फडक्याने पुसायचं आणि ओलं असतानाच ट्यूबखाली तिरकं धरायचं. पाण्याच्या पातळ थरात ट्यूबची रेघ दिसते. कवच हळूहळू फिरवलं की ती रेघ छातीच्या गोलाईवरून सरळ सरकली पाहिजे. जिथे ती वाकडी होते, तुटते किंवा थरथरते, तिथे हात फिरवून बघा, खोलगट जागा बोटाला लागेल. ती आत्ता भरली नाही तर मिरवणुकीच्या दिव्यांखाली नेमकी तीच जागा दिसणार. मी कामाचा बहुतेक वेळ या टप्प्यावर घालवतो. रंग मारायला त्यामानाने फारच थोडा वेळ लागतो.

साच्यातून काढलेलं कवच लगेच रंगवता येतं का?

नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे रेझिन हाताला कडक लागलं तरी आतून पूर्ण पिकलेलं नसतं. पॉलिस्टर रेझिनमधला स्टायरिन काही दिवस बाहेर येत राहतो. त्यावर रंगाचं झाकण बसलं की बारीक फोड येतात. कवचाला अजून रेझिनचा उग्र वास येत असेल तर थांबा. मी आठवडाभर उघड्या, कोरड्या जागेत ठेवतो. दिवसातून तासभर कोवळं ऊन मिळालं तर उत्तम.

दुसरं कारण साच्याला लावलेलं मेण. कवच सुटून यावं म्हणून साच्याला मेण आणि त्यावर बहुधा पीव्हीएचं पातळ आवरण लावलेलं असतं, आणि ते कवचाच्या अंगावर येतं. माझं पहिलं छातीचं कवच याच चुकीने वाया गेलं. चंदेरी रंग सुंदर बसला होता. मग काठाला सोनेरी पट्टी काढायला मास्किंग टेप लावली आणि टेप ओढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा रंग सोलून आला, खाली जेलकोट, म्हणजे कवचाचा सगळ्यात बाहेरचा रेझिनचा थर, जसाच्या तसा गुळगुळीत. मेण पुसून न काढता मी थेट घासायला घेतलं होतं. पेपरने मेण निघत नाही, ओरखड्यांत भरलं जातं.

तेव्हा क्रम असा. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं, पीव्हीए पाण्यात विरघळतं. पूर्ण वाळू द्यायचं. मग मेण काढणारं सॉल्व्हंट, जे कार-रंगाच्या दुकानात मिळतं, एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर मेण फक्त इकडून तिकडे फिरतं. हे दोनदा करा आणि मगच पेपर हातात घ्या. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, दोन्ही मागे तेलकटपणा ठेवतात.

मेण गेलं की नाही हे पाण्यावरून कळतं. स्वच्छ पृष्ठभागावर पाणी सलग पसरतं. मेण असेल तिथे अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होतात.

पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा घ्यावा? कोरडं घासायचं की ओलं?

जेलकोटला २४० पासून सुरुवात करून ३२० वर थांबा. एवढे ओरखडे प्रायमरला धरायला लागतातच. प्रायमरवर ४०० आणि मग ६०० ओला. सपाट भागाला रबराचा ठोकळा हवाच, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषेत चर पडतात. गोलाईवर मी जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा वापरतो, तो वाकतो आणि दाब सारखा ठेवतो.

शक्य तिथे ओलंच घासा. काचेच्या तंतूंची धूळ अंगाला टोचते आणि फुफ्फुसाला वाईट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, धुळीचा चांगला मास्क लागतोच. काम झाल्यावर आधी गार पाण्याने हात धुवा, चोळू नका. ते कपडे घरच्या बाकी कपड्यांत टाकू नका. एका वेळी ही काळजी न घेतल्यामुळे आमच्या घरात सगळ्यांच्याच हातांना दोन दिवस खाज होती.

टाचणीच्या डोक्याएवढी भोकं प्रायमरने भरतील का?

भरत नाहीत. प्रायमर भोकाच्या तोंडावर पडदा धरतो आणि वाळताना तो पडदा फुटतो. मग क्लिअर मारल्यावर तेच भोक काळा ठिपका होऊन उभं राहतं. भोक दिसलं की आधी ब्लेडच्या टोकाने उघडून मोठं करा, कारण वरून बारीक दिसणाऱ्या भोकाखाली बहुधा मोठी पोकळी असते. मग हार्डनरवाली, म्हणजे कडक करणारं रसायन मिसळून लावायची, पॉलिस्टर पुट्टी पत्र्याच्या पट्टीने दाबून भरा. नुसती वरून ओढायची नाही, आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून रेटून भरायची म्हणजे आतली हवा निघते.

हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त घालायचा मोह होतो, पण जादा हार्डनर नंतर वरच्या रंगातून डाग होऊन वर येतो. ट्यूबमधली एकेरी, म्हणजे बिनहार्डनरची, पुट्टी फक्त अगदी बारीक ओरखड्यांसाठी ठेवा. तिच्याने खोल खड्डा भरला तर ती महिन्याभराने बसते आणि चमकत्या कवचावर खळगा दिसू लागतो.

दुकानदार म्हणतो रेड ऑक्साइड लावा. चालेल?

नको. तो लोखंडाच्या गंजासाठी आहे. फायबरला इपॉक्सी प्रायमर मागा. इथल्या सियागंज बाजारात किंवा कुठल्याही कार-रंगाच्या दुकानात “बंपरला आणि फायबरला लागतो तो” एवढं सांगितलं तरी समजतं.

प्रायमरचे किती हात द्यावेत?

दोन ते तीन, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. पूर्ण वाळल्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा मारा, मिरपूड भुरभुरल्यासारखा. मग ठोकळ्याने घासा. उंच जागेवरचा काळा आधी निघतो, खोल जागेत तो राहतो. म्हणजे खड्डे स्वतःच खूण करून दाखवतात. सगळा काळा निघेपर्यंत घासायचं, आणि त्याआधीच जेलकोट उघडा पडू लागला तर थांबून पुन्हा प्रायमर. ही युक्ती गाड्यांच्या पेंटरांची आहे आणि चिलखतावरच्या नक्षीदार भागांच्या मधल्या सपाट जागांना तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

स्प्रे कॅन की गन?

एखाद्या कवचासाठी कॅन पुरे. पाच-सहा मावळ्यांचा संच असेल तर गन आणि कॉम्प्रेसर परवडतो, आणि सगळ्यांचा रंग एकसारखा येतो. रंगाला आणि क्लिअरला १.३ किंवा १.४ मिलीमीटरचा नोझल, प्रायमरला त्याहून मोठा. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी गाळणारा फिल्टर लावल्याशिवाय गन सुरू करू नका.

स्प्रे मारताना हात कसा ठेवावा?

कॅन आतल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यापासून दोन मिनिटं हलवा. चंदेरी रंगात धातूची भुकटी तळाला बसलेली असते, ती वर आली नाही तर पहिला हात पाण्यासारखा आणि शेवटचा राखेसारखा येतो. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, गनला थोडं कमी. बटण कवचाच्या बाहेर दाबायचं, कवचावरून सरळ जायचं, पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यायला हवा. हात मनगटातून फिरवला की मधोमध जाड आणि कडेला विरळ होतं, म्हणून खांद्यापासून हलवा.

छातीचं कवच उभं टांगून मारलं तर गळ्याची आणि काखेची कड आधी घ्या, मोठा भाग नंतर. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. या पहिल्या हाताला घाई केली की ओघळ ठरलेला.

पाऊस चालू असताना रंगवलं तर काय होतं? गणपती तर पावसातच येतात.

इथे भाद्रपदात हवा दमट असते आणि झांक्यांची सगळी कामं त्याच दिवसांत असतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांच्या झांक्या रात्रभर दिव्यांच्या झगमगाटात निघतात आणि त्या उजेडात कुठलाही दोष लपत नाही. म्हणून पावसाळ्याचं हे उत्तर जरा सविस्तर देतो.

थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो. गार तांब्यावर बाहेरून पाणी जमतं, तसंच ओल्या रंगावर हवेतली वाफ जमते आणि रंग पांढुरका पडतो. काळ्या आणि गडद रंगावर दुधाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये तर हार्डनर पाण्याशीच रासायनिक क्रिया करतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि क्लिअरमध्ये बुडबुडे अडकतात.

उपाय सांगतो. नुसत्या तापमापकावर विसंबू नका, आर्द्रता दाखवणारा साधा मीटर घ्या. आकडा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर मी मारत नाही. पावसाने दोन-चार तास उघडीप दिली आणि दुपार असेल तर आकडा खाली येतो, त्या वेळेसाठी सगळी तयारी आधीच करून ठेवायची. खोलीत आधी तासभर दोनशे वॅटचे साधे पिवळे बल्ब लावून कवच किंचित कोमट करा आणि स्प्रे सुरू करण्यापूर्वी बल्ब बंद करा. साध्या लॅकरच्या, म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणाऱ्या, रंगात हळू उडणारं थिनर, म्हणजे रिटार्डर, थोडं घाला. पांढुरकेपणा आलाच असेल तर घाबरून घासू नका. कोरड्या हवेत रिटार्डरचा अगदी विरळ हात मारला की लॅकर परत मऊ होतो, अडकलेली वाफ निघून जाते आणि बऱ्याचदा रंग जागेवर येतो.

आणि मे महिन्यात?

पारा चाळिशीपार असताना रंग कवचापर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि हाताला वाळूसारखा लागतो. सकाळी सात-आठची वेळ धरा, कवच उन्हात तापलेलं नको. कूलर चालू ठेवून त्याच खोलीत मारू नका, तो ओली हवाच फेकतो. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की धूळ येणारच, तेव्हा अंगणात आदल्या दिवशीच सडा टाकून ठेवा.

साधा रुमाल बांधून काम भागेल का?

नाही. याबाबतीत माझ्याकडून सूट मिळणार नाही.

साध्या स्प्रे कॅनलासुद्धा वाफा शोषणारे कार्बन कार्ट्रिज असलेला मास्क हवा. एन९५ धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. हार्डनरवालं क्लिअर, ज्याला सगळे टू-के म्हणतात, त्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही श्वास कोंडतो. त्याला ओळखता येईल असा वासही फारसा नसतो, त्यामुळे मास्क संपला हे कळत नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो आपल्यापैकी कोणाकडे नसतो.

म्हणून मी प्रायमरपर्यंत आणि रंगापर्यंतचं काम घरी करतो आणि क्लिअरसाठी कवच गाड्या रंगवणाऱ्या वर्कशॉपच्या बंद बूथमध्ये नेतो. बंपरचं काम चालू असेल तेव्हा दोन-तीन कवचं बाजूला टांगून मारून देतात. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर याला पर्याय शोधू नका. आणि कुठलाही स्प्रे चालू असताना जवळ उदबत्ती, गॅस, विडी काही नको. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत दूरवर जातात.

एकेरी क्लिअर आणि टू-के यात खरंच एवढा फरक आहे?

आहे. एकेरी, म्हणजे बिनहार्डनरचं, क्लिअर फक्त वाळतं, पुन्हा थिनर लागलं की विरघळतं, त्याचा थर पातळ राहतो. टू-के कडक होतं, जाड बसतं, घासून पॉलिश करायला अंगात जागा देतं. एका प्रयोगापुरतं किंवा एका मिरवणुकीपुरतं काम असेल तर एकेरी क्लिअरचे चार-पाच विरळ हात पुरतात. दरवर्षी वापरायच्या संचाला टू-केच.

तळाशी बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के कॅनही मिळतात. बटण दाबल्यावर डब्यावर दिलेल्या मुदतीत ते संपवावे लागतात, आणि मास्कचा नियम त्यांनाही तोच.

क्लिअर मारताच खालचा रंग सुरकुतला. का?

बहुधा खाली साधा ऑइल पेंट होता आणि वर तीव्र थिनरचा लॅकर आला. किंवा दोन हातांमधली वेळ चुकली. डब्यावर दोन वेळा दिलेल्या असतात, “एवढ्या वेळाच्या आत किंवा इतक्या तासांनंतर”. मधल्या काळात मारलं की अर्धवट पिकलेला रंग फुगतो. सुरकुतलेलं दुरुस्त होत नाही. पूर्ण वाळू द्या आणि प्रायमरपर्यंत घासा.

रंगात गोल गोल खड्डे पडले, जणू रंग तिथून पळाला.

सिलिकॉन किंवा तेल. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, केसांचं तेल, दाराच्या बिजागरीला मारलेलं वंगण, यातलं काहीही. ओलं असतानाच थांबा, पुसा, पुन्हा मेण काढण्यापासून सुरुवात करा. जास्त रंग ओतून खड्डा भरत नाही.

सोनेरी रंग काही महिन्यांनी हिरवट-काळा का पडतो?

बाजारातली स्वस्त सोनेरी पावडर तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूची असते. घाम आणि दमट हवा लागली की ती काळवंडते. अभ्रकाच्या पायाचा पर्ल गोल्ड घ्या, तो काळवंडत नाही. तरीही जुनी पावडरच वापरायची असेल तर त्याच दिवशी क्लिअरखाली बंद करा.

क्रोमसारखा आरसा येतो का?

क्रोम इफेक्टच्या कॅनने बऱ्यापैकी येतो, पण खाली चकचकीत काळा हवा आणि तो पूर्ण पिकलेला हवा. त्यावर क्रोम अगदी धुक्यासारखा. जाड मारला की साधा चंदेरी होतो. साधं क्लिअर वर मारलं तर आरसा मरतो आणि क्लिअर न मारता बोट लावलं तर रंग बोटाला येतो. त्यामुळे हातात धरायच्या ढालीला मी तो वापरत नाही. लांबून दिसणाऱ्या शिरस्त्राणाच्या टोकाला ठीक.

शेवटी घासून पॉलिश करायचं ते कसं?

टू-के क्लिअर किमान एक दिवस, थंडीत दोन-तीन दिवस पिकू द्या. मग १५०० ओला, साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात. संत्र्याच्या सालीसारखा जो दाणा दिसतो, त्याचे फक्त शेंडे कापायचे आहेत. दर मिनिटाला पुसून बघा. चमकणारे ठिपके उरले म्हणजे खोल जागा अजून बाकी आहेत. सगळं एकसारखं मंद झालं की २००० नंबर, मग रबिंग कंपाउंड आणि मग बारीक पॉलिश. पहिल्यांदा कंपाउंड पुसल्यावर कवचात स्वतःच्या मागची खिडकी गजांसकट दिसते, तो क्षण मला अजूनही दरवेळी आनंद देतो.

कडा आणि नक्षीची टोकं आधी टेपने झाका. तिथे क्लिअर सर्वांत पातळ असतं आणि दोन फेऱ्यांत खालचा रंग उघडा पडतो.

पट्ट्यांची भोकं आधी पाडायची की नंतर?

रंगाच्या आधी. चमकत्या क्लिअरवर ड्रिल लावलं की भोवती ताऱ्यासारखी चीर पडते. रिबिटं आणि कातडी पट्टे मात्र सगळ्यात शेवटी.

लहान मुलांना घालायचं असेल तर?

बाहेरच्या चमकेपेक्षा आतली बाजू आधी बघा. आत उघडे काचेचे तंतू असतात, ते मुलाच्या मानेला आणि काखेला टोचतात. आतून घासा, रेझिनचा एक हात द्या, वर फोम किंवा जाड सुती अस्तर चिकटवा. आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत कवच अंगात घालू देऊ नका, मिरवणूक उद्यावर आली असली तरी.

दादा, आदल्या रात्री रंगवलं तर चालेल ना?

नाही. साच्यातून निघाल्यापासून मी तीन आठवडे धरतो. एक आठवडा रेझिन पिकायला, एक पुट्टी-प्रायमर-घासण्याला, एक रंग, क्लिअर आणि पॉलिशला. घाई असेल तर मंद चंदेरी करून द्यायला मी तयार असतो. तोही नीट केला तर सुंदर दिसतो.

संपूर्ण चिलखत चमकतं करावं का?

माझं मत, नाही. जुन्या चिलखतांत कड्यांची जाळी असे आणि ती मंद दिसे. तिच्यावर छाती, पाठ आणि दोन कुशींना चार घोटलेले पत्रे बांधत, त्यांना चार-आईना म्हणत, म्हणजे चार आरसे. नावातच सांगितलंय आरसा कुठे हवा ते. पत्रे चकचकीत ठेवा, जाळीला मॅट क्लिअर मारा, दोन्ही एकमेकांमुळे खुलतात.

आणि १० नोव्हेंबर १६५९ चा अफजलखान भेटीचा देखावा करत असाल तर महाराजांच्या अंगावर बाहेरून चमकतं कवच दाखवू नका. त्यांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं. गळ्याशी जाळीची एक कड डोकावली की पुरे. दरवर्षी मंडळांच्या मुलांना मी हे सांगतो, कारण मुलं जे बघतात तेच खरं मानतात.

वापरून झाल्यावर कसं ठेवायचं?

ओल्या फडक्याने घाम आणि गुलाल पुसून, वाळवून, जुन्या सुती धोतरात किंवा नऊवारीत गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, उन्हाळ्यात ती क्लिअरला चिकटते आणि पिशवीवरची छापील अक्षरं उलटी होऊन छातीवर उमटतात. कवच आडवं, छाती वर करून ठेवा आणि त्यावर दुसरं काही रचू नका.